चार जीबीच्या लॅपटॉपवर जीनी एडिटर हाताला कसा बसवायचा

दर वर्षी कॉलेजं सुरू झाली की चोपड्याला आमच्या घरी गल्लीतली दोन-तीन पोरं लॅपटॉप घेऊन येतात. नुकताच डिप्लोमाला नाहीतर बीसीएला प्रवेश झालेला असतो. लॅपटॉप थोरल्या बहिणीचा किंवा जळगावहून आणलेला सेकंडहँड, रॅम चार जीबी. कुणीतरी सांगितलेलं जडशीळ सॉफ्टवेअर त्यात टाकलेलं असतं. ते उघडेपर्यंत आई चहा करून आणते. मग ठरलेला प्रश्न येतो, "भाऊ, लॅपटॉप बदलावा लागीन का?"

नाही लागत. एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, बदलला आणि एकूण तासभर देऊन तो स्वतःच्या हाताला बसवून घेतला की भागतं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना हा तास वाचवायला गेलो होतो. एका सीनिअरची विम एडिटरची सव्वाचारशे ओळींची सेटिंग फाइल पेनड्राइव्हवरून उचलली आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलो. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत कुठलीशी कळ चुकून दाबली गेली आणि अर्धा प्रोग्राम पडद्यावरून गेला. उडाला असं समजून घामाघूम होत सगळा पुन्हा टाइप केला. कंपाइल केल्यावर तक्रार आली की हेच फंक्शन फाइलीत दोनदा आहे. विमने तो भाग नुसती घडी घालून ठेवला होता. घडी घालणारी कळ त्या सव्वाचारशे ओळींत कुठेतरी होती आणि ती मला माहीत नव्हती. तेव्हापासून कानाला खडा: का केला हे मला सांगता येत नाही असा एकही बदल माझ्या एडिटरात ठेवायचा नाही. पुढच्या पायऱ्याही त्याच हिशेबाने घ्या. एक बदल करा, दोन दिवस वापरा, मग पुढचा.

जीनीच का?

विम १९९१ पासून आहे आणि उत्तमच आहे, पण पहिल्या महिन्यात तो शिकायचा की सी भाषा, असा पेच पडतो. व्हीएस कोड या दुसऱ्या एडिटरचा मूळ कोड खुला असला तरी मायक्रोसॉफ्ट जो तयार इन्स्टॉलर देते त्याचा परवाना वेगळा असतो. त्याच कोडपासून खुल्या परवान्याने बांधलेला व्हीएस-कोडियम मिळतो, पण दोन्ही आतून ब्राउझरच चालवतात, म्हणजे चार जीबीत दाटीवाटी आलीच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो तेव्हा लॅपटॉपचा पंखा रडायला लागतो ते वेगळंच. जीनी २००५ पासून आहे, परवाना जीपीएल म्हणजे खुला, दाबला की उघडतो, आणि जवळपास सगळं मेनूतून बदलता येतं.

एक सूचना आधीच. मेनूची नावं आणि आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत, छोट्या लिपीत आणि इंग्रजी आकड्यांत टाका. जीनीचं स्पेलिंग जी-ई-ए-एन-वाय.

जवळ काय हवं

- उबुंटू, मिंट किंवा डेबियन यांपैकी कुठलंही लिनक्स असलेला लॅपटॉप. विंडोजवरही जीनी चालतो, फरक आहे तिथे सांगतो.
- लॅपटॉपचा ॲडमिनचा पासवर्ड. सेकंडहँड घेताना तो विचारून घेतलेला नसतो आणि मग सगळं इथेच अडतं.
- अर्धा तास मोबाइलचा हॉटस्पॉट. पुढे नवं पॅकेज टाकतानाच काय ते नेट लागतं.
- स्वतः लिहिलेला, चालणारा एक छोटा प्रोग्राम. प्रत्येक बदलानंतर तोच चालवून बघायचा. माझा होता केळीचा हिशेब: फाइलीतून गाव, घडांची संख्या, वजन आणि क्विंटलचा भाव वाचायचा आणि गाडीची रक्कम काढायची.
- पेनड्राइव्ह, शेवटच्या पायरीसाठी.

१. टाका आणि दोन दिवस काही बदलू नका

टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा, आधी 'सुडो ॲप्ट अपडेट' आणि मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीनी जीनी-प्लगइन्स'. दुसऱ्या नावातला आडवा डॅश विसरू नका. पासवर्ड टाइप करताना बऱ्याचदा पडद्यावर ठिपकेही दिसत नाहीत. कीबोर्ड बिघडला असं समजून पोरं इथे थांबतात. बिघडलेला नसतो, पूर्ण टाइप करून एंटर दाबा. विंडोजवाल्यांनी जीनीच्या मूळ संकेतस्थळावरचाच इन्स्टॉलर घ्यावा. 'फ्री डाउनलोड' म्हणून मोठं हिरवं बटण दाखवणाऱ्या साइटींवर जाऊ नये.

मग तुमचा प्रोग्राम उघडून नुसता वापरा. एवढ्या चार कळा बोटांत बसवा: कंट्रोल-डी म्हणजे ओळीची नक्कल, कंट्रोल-के म्हणजे ओळ खल्लास, कंट्रोल-ई म्हणजे निवडलेल्या ओळी कॉमेंट करणं किंवा कॉमेंट काढणं, कंट्रोल-एल म्हणजे हव्या त्या क्रमांकाच्या ओळीवर उडी.

२. लाइट जाणारच, हे धरून चला

आपल्याकडे ही पायरी सगळ्यात आधी करायची. जुन्या लॅपटॉपची बॅटरी नावाला असते, त्यामुळे लाइट गेली की तोही डेस्कटॉपसारखा पटकन बंद. विम स्वतःहून एक स्वॅप फाइल ठेवतो. चार सेकंद हात थांबला किंवा दोनशे अक्षरं टाइप झाली की त्यात लिहून घेतो. जीनीत ही सोय आपण चालू करायची असते.

टूल्स मेनूत प्लगइन मॅनेजर उघडा, 'सेव्ह ॲक्शन्स'वर खूण करा, मग त्याच खिडकीतून त्याची प्रेफरन्सेस उघडा. आत 'ऑटो सेव्ह' आहे. मुळात मध्यांतर ३०० सेकंदांचं असतं, म्हणजे पाच मिनिटं. ते ६० करा, आणि फक्त समोरची नाही, उघड्या सगळ्या फाइली सेव्ह करण्याचा पर्याय निवडा.

इथला सापळा असा की नाव न दिलेली फाइल ऑटो सेव्हच्या हिशेबात येत नाही. कोरी फाइल उघडून दीड तास लिहीत बसलात आणि लाइट गेली तर काही उरणार नाही. म्हणून पहिली ओळ लिहायच्या आधी कंट्रोल-एस आणि नाव. माझा केळीचा पहिला हिशेब असाच गेला. दुपारचे दोन, पंखा थांबला आणि पडदाही.

ऑटो सेव्हमुळे चुकीचा बदलही जपला जातो. त्यावर उतारा त्याच प्लगइनमध्ये आहे. 'बॅकअप कॉपी' चालू करा आणि एक वेगळं फोल्डर दाखवा. प्रत्येक सेव्हला फाइलीची एक प्रत तारीख-वेळ जोडून तिथे पडत जाते. दर मिनिटाला सेव्ह म्हटल्यावर फोल्डर भराभर भरतं, तेव्हा महिन्यातून एकदा झाडू मारा.

शिवाय एडिट, मग प्रेफरन्सेस, मग जनरल. तिथे मागच्या वेळच्या फाइली परत उघडण्याची खूण चालू आहे ना ते बघून घ्या.

३. टॅब आणि स्पेसचं भांडण मिटवा

पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हा व्याकरणाचा भाग आहे. पायथन ३ टॅब आणि स्पेसची सरमिसळ खपवून घेत नाही, 'टॅब-एरर' देऊन थांबतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे पोरं त्याच ओळीकडे अर्धा तास बघत बसतात.

प्रेफरन्सेस, एडिटर, इंडेंटेशन. टाइप 'स्पेसेस' करा, विड्थ ४. पायथनच्या पेप-८ या लेखनसंकेतातही चारच सांगितल्यात. 'डिटेक्ट टाइप फ्रॉम फाइल'वरही खूण करा, म्हणजे सरांनी दिलेली टॅबवाली जुनी फाइल उघडली तर जीनी तिच्याच चालीने चालेल. आधीच सरमिसळ झालेली फाइल असेल तर डॉक्युमेंट मेनूत टॅबच्या जागी स्पेस घालण्याची आज्ञा आहे. संशय आला की व्ह्यू मेनूतून 'शो व्हाइट स्पेस' लावा. स्पेस ठिपक्यासारखी दिसते, टॅब बाणासारखा.

अपवाद मेकफाइलचा, म्हणजे प्रोग्राम बांधायच्या आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलीचा. तिथे आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, स्पेस दिल्या तर 'मिसिंग सेपरेटर' म्हणून अडतं. त्या फाइलीपुरता डॉक्युमेंट मेनूतून इंडेंट टाइप 'टॅब्स' आहे ना ते तपासा. आणि जीनीत एखादा प्रोजेक्ट उघडा असेल तर प्रोजेक्टची स्वतःची इंडेंट सेटिंग वरचढ ठरते. 'भाऊ, मी बदललं तरी बदलत नाही' या तक्रारीत बहुतेक वेळा हेच निघतं.

४. फॉन्ट आणि मराठी अक्षरं

प्रेफरन्सेसमध्ये इंटरफेसखाली एडिटरचा फॉन्ट बदलता येतो. शून्य आणि मोठा ओ, एक आणि छोटा एल लांबून वेगळे ओळखू येतात असा समान रुंदीचा फॉन्ट निवडा. 'हॅक' किंवा 'डेजाव्हू सॅन्स मोनो' चालेल. आकार तेरा-चौदा. तुम्हाला चष्मा नसेल तरी.

या फॉन्टांत देवनागरी नसते. कॉमेंटमध्ये मराठी लिहिलं की सिस्टीम दुसऱ्या फॉन्टातून अक्षरं उसनी आणते. चौकोन दिसत असतील तर 'फॉन्ट्स-लोहित-देवा' हे पॅकेज टाका आणि जीनी बंद करून उघडा.

मराठीतला हिशेबाचा प्रोग्राम लिहायला घेतलात की जे घोळ होतात, ते माझे सगळे करून झालेत.

मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि कोडमध्ये ४५ असा देवनागरी आकडा पडला, तर पायथन 'सिंटॅक्स एरर' देतो. पण वापरणाऱ्याने प्रोग्राम चालताना ४५ असंच टाइप केलं आणि तुम्ही ते इंट फंक्शनमधून काढलं, तर पायथन ते निमूट पंचेचाळीस म्हणून घेतो. काकांना इंग्रजी आकडे टाकायला लावायची गरज नाही हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

दुसरा घोळ तक्त्याचा. 'केळी' आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पायथन मोजतो चार: क, त्याची मात्रा, ळ, त्याची वेलांटी. त्यामुळे बारा घरांचा रकाना सांगितला तरी टर्मिनलात मराठी तक्ता कधीच सरळ उभा राहत नाही. 'रावेर' एकीकडे, 'सावदा' दुसरीकडे. मी दोन रात्री स्पेस मोजत बसलो होतो. तुम्ही बसू नका, उत्तर सीएसव्ही फाइलीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत, लिहा आणि लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८' असं स्वतः लिहा, विशेषतः विंडोजवर, नाहीतर मराठीची कोशिंबीर होते. ती फाइल कुणी एक्सेलमध्ये उघडणार असेल तर 'यूटीएफ-८-सिग'.

तिसरा, डीटीपीवाल्याकडून आणलेला मजकूर. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेलं मराठी जीनीत पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. एडिटरात दोष नाही, तो मजकूर युनिकोडमध्येच नसतो. आधी कन्व्हर्टरमधून काढून आणा.

५. एफ-५ दाबल्यावर काय चालतं ते स्वतः ठरवा

जीनीत एफ-८ म्हणजे कंपाइल, एफ-९ म्हणजे बिल्ड, एफ-५ म्हणजे चालवा. या कळांमागे कुठली आज्ञा आहे ते बिल्ड मेनूतल्या 'सेट बिल्ड कमांड्स'मध्ये दिसतं. प्रत्येक भाषेच्या आज्ञा वेगळ्या, म्हणून आधी त्या भाषेची सेव्ह केलेली फाइल समोर हवी. कोऱ्या फाइलीवर हा मेनू उघडून 'इथे पायथन नाहीच' म्हणणारे मी पाहिलेत.

पायथनसाठी एक्झिक्यूटच्या ओळीत 'पायथन३', मग एक स्पेस, मग दुहेरी अवतरणचिन्हांत टक्का आणि एफ हे अक्षर. टक्का-एफ म्हणजे समोरच्या फाइलीचं नाव. काही आवृत्त्यांत तिथे नुसतं 'पायथन' असतं आणि आताच्या उबुंटूवर त्या नावाची आज्ञा मुळात नसते, म्हणून 'कमांड नॉट फाउंड' येतं. विंडोजवर तिथे 'पीवाय' चालतं. अवतरणचिन्हं काढू नका. फाइलीचं नाव 'केळी हिशेब' असं स्पेस देऊन ठेवलं असेल तर ती नसल्यावर पायथन 'केळी' एवढीच फाइल शोधायला जातो.

सी शिकणाऱ्यांनी एफ-९ च्या, म्हणजे बिल्डच्या आज्ञेत सगळ्यात शेवटी, फाइलीच्या नावानंतर, डॅश-एल-एम जोडा. वर्गमूळ काढणारं फंक्शन वापरलं की 'अनडिफाइन्ड रेफरन्स' येतं ते याच्यासाठी. गणिताची लायब्ररी वेगळी जोडावी लागते. आज्ञेच्या सुरुवातीला टाकली तर तीच तक्रार पुन्हा येऊ शकते, जागा शेवटचीच.

चुका आल्या की खालच्या कंपायलर टॅबमधल्या ओळीवर क्लिक करा, जीनी थेट त्या ओळीवर नेतो. चोवीस चुका दिसल्या तरी पहिलीच दुरुस्त करा आणि परत कंपाइल करा. एक अर्धविराम सुटला की मागच्या वीस त्याच्याच पोटातून आलेल्या असतात.

एफ-५ दर वेळी वेगळी खिडकी उघडतो ते नको असेल, तर लिनक्सवर प्रेफरन्सेसच्या टर्मिनल भागात प्रोग्राम जीनीच्याच खालच्या टर्मिनलात चालवायची खूण आहे. विंडोजवर ते टर्मिनल नसतं.

६. रंग

व्ह्यू, चेंज कलर स्कीम. आवडेल तो घ्या आणि पुढे जा. आणखी हवे असतील तर गिटहबवर जीनी-थीम्स आहेत, त्यातल्या फाइली सेटिंगच्या फोल्डरातल्या (तो कुठे असतो ते नवव्या पायरीत) 'कलरस्कीम्स'मध्ये टाकायच्या. काळ्या रंगाचा सगळ्यांना सोस असतो, पण दुपारी ओट्यावर बसून काम करणार असाल तर काळ्या पडद्यात स्वतःचं तोंडच दिसतं. मी पांढरा वापरतो.

७. बाहेरची हत्यारं जोडा

इथे जीनीची खरी गंमत आहे, आणि बहुतेक जण इथवर येतच नाहीत. जीनी स्वतः फार काही करत नाही, पण निवडलेला मजकूर दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला देतो आणि उत्तर त्याच जागी आणून ठेवतो.

आधी 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल ब्लॅक फ्लेक८'. ब्लॅक पायथनचा कोड नीटनेटका मांडून देतो, फ्लेक-८ न वापरलेली नावं आणि चुकलेल्या जागा दाखवतो. हे पिपने, म्हणजे पायथनच्या स्वतःच्या पॅकेज टाकणाऱ्या प्रोग्रामने, टाकायला गेलात तर नव्या डेबियन-उबुंटूवर 'एक्स्टर्नली मॅनेज्ड' असं सांगून नकार मिळतो. मग कुणीतरी 'ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस' हा शब्द जोडायला सांगतं. नावातच सगळं आलं, जोडू नका.

आता एडिट, फॉरमॅट, 'सेंड सिलेक्शन टू', 'सेट कस्टम कमांड्स'. पहिल्या ओळीत 'ब्लॅक', स्पेस, डॅश-क्यू, स्पेस, नुसता डॅश. शेवटचा डॅश म्हणजे मजकूर फाइलीतून घेऊ नको, मी देतोय तो घे. दुसऱ्या ओळीत 'सॉर्ट'. ओके करा. कंट्रोल-ए करून सगळी फाइल निवडा आणि कंट्रोल-१ दाबा. वाकडातिकडा हिशेब एका झटक्यात रांगेत येतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी कंट्रोल-झेड करून तीनदा परत परत बघितलं होतं.

अर्धं फंक्शन निवडून ब्लॅकला दिलं तर तो घेत नाही, पूर्ण फाइलच द्या. कोडमध्ये व्याकरणाची चूक असेल तरी तो हात लावत नाही, मजकूर होता तसा राहतो.

कंट्रोल-२ वर सॉर्ट बसला. सावदा, रावेर, फैजपूर, यावल अशी चार ओळींत लिहिलेली गावं निवडून दाबा, फैजपूर वर येतं आणि सावदा खाली जातं.

फ्लेक-८ बिल्डच्या यादीत बसवा: 'सेट बिल्ड कमांड्स'मध्ये पायथनच्या आज्ञांतली तिसरी ओळ, त्यात 'फ्लेक८' आणि पुढे पूर्वीसारखंच अवतरणातलं टक्का-एफ.

८. रोज लिहायच्या ओळी दोन अक्षरांत

टूल्स, कॉन्फिगरेशन फाइल्स, स्निपेट्सची फाइल. स्निपेट म्हणजे छोट्या नावावरून पूर्ण टाइप होणारा मजकूर. पायथनच्या भागात एका ओळीत छोटं नाव, बरोबरचं चिन्ह आणि पुढे पूर्ण मजकूर. उलटा तिरपा दांडा आणि एन म्हणजे नवी ओळ, दांडा आणि टी म्हणजे एक इंडेंट, आणि दोन टक्क्यांमध्ये कर्सर हा शब्द लिहिला की टाइप झाल्यावर कर्सर तिथे थांबतो. ओळीच्या सुरुवातीला हॅश असेल तर ती ओळ निजलेली असते, तो काढा. सेव्ह करून टूल्समधून 'रीलोड कॉन्फिगरेशन'. मी यूटीएफ-८ सकट फाइल उघडण्याची पूर्ण ओळ 'एफओ' या नावाने ठेवलीय: एफओ, टॅब, झालं. चार-पाचच ठेवा. तीस ठेवलेत तर नावंच आठवत नाहीत.

९. फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या

हे सगळं लिनक्सवर होम फोल्डरातल्या 'डॉट-कॉन्फिग'मधल्या 'जीनी' नावाच्या फोल्डरात असतं. ठिपक्याने सुरू होणारी नावं लपलेली असतात, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल-एच दाबलं की दिसतात. जीनी बंद करूनच कॉपी करा. तो बंद होताना आपली मुख्य सेटिंग फाइल नव्याने लिहितो, त्यामुळे चालू असताना ती हाताने बदलली तर तुमचा बदल पुसला जातो.

मित्राने मागितलं तर स्निपेट्सची फाइल द्या, रंगांची द्या. पूर्ण फोल्डर देऊ नका, त्यात तुम्ही अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादीही असते. आणि सव्वाचारशे ओळींची गोष्ट मी वर सांगितलीच आहे.

त्याच फोल्डरात मी 'बदल' नावाची साधी टेक्स्ट फाइल ठेवतो. काय बदललं आणि का, एकेक ओळ. सध्या त्यात एकवीस ओळी आहेत. सगळ्यात वरची, 'ऑटो सेव्ह ६०, कारण लाइट'. सगळ्यात खालची, 'फॉन्ट १३ चा १५, कारण चष्मा लागला'.